चिनफाचे तीस सेकंद

श्यू सरांचं म्हणणं साधं होतं. जाहिरातीत कचरा नको आणि गेलेला माणूस तर नकोच.

पेईछीच्या जाहिरातीत दोन्ही होतं.

तैवानातल्या शीलो गावच्या व्यवसाय-शाळेत ती शेवटच्या वर्षाला होती. प्रत्येक गटानं गावातलं एक दुकान घ्यायचं, त्याची बरोबर तीस सेकंदांची जाहिरात करायची, आणि चांगल्या निघतील त्या डिसेंबरच्या प्रदर्शनात मोठ्या पडद्यावर लागायच्या. पहिल्या वर्षापासून पेईछीचा डोळा त्या पडद्यावर होता. तिच्या गटाच्या वाट्याला 'चिनफा' हे रजयांचं दुकान आलं. दुकान एका आजीचं. शेजारीपाजारी तिला दुकानाच्याच नावानं हाक मारत, पोरं आमा म्हणत. पिंजलेल्या कापसावर दोऱ्यांची जाळी घालावी लागते. पूर्वी टेबलाच्या पलीकडून दोरा नवरा धरायचा. तो गेल्यापासून आमा एक टोक खिळ्याला अडकवते आणि दर दोऱ्याला टेबलाभोवती वळसा घालते.

गटप्रमुख चंगहाननं आमाला एक वाक्य पाठ करायला दिलं, शाळेतल्या शुद्ध चिनी भाषेत: आमची रजई तुमच्या घराला ऊब देते. आमा जन्मभर तैवानी बोललेली. अकरा वेळा तिनं ते म्हटलं, आणि अकराही वेळा पोलीस चौकीत जबाब देत असल्यासारखी दिसली. बाराव्या वेळी 'आमची रजई' एवढं झालं आणि रस्त्यावरून कचरागाडीची धून आली. गाडी काही कुणासाठी थांबत नाही. आमानं दोरा टाकला, दाराआडची पिशवी उचलली आणि धूम ठोकली. चंगहान थांबा, थांबा म्हणत राहिला. कॅमेरा बंद करायचं मात्र कुणाला सुचलं नाही. उघड्या दारातून आमा पळताना दिसली, पिशवी गाडीत भिरकावताना दिसली, हसत परतताना दिसली. मग ती धापा टाकत बसली, दोरा उचलला आणि आपल्या भाषेत म्हणाली, "काय म्हणत होते मी? हां, रजई. आमचे हे चाळीस वर्षं एकाच रजईखाली झोपले. हे गेले, रजई अजून आहे."

पेईछी चित्रणाच्या जुळणीला बसली तेव्हा आधी तिनं सगळ्यांना हवी तशी जाहिरात केली. मंद पियानो, हळूहळू उडणारा कापूस, आणि एका वर्गमैत्रिणीच्या गोड आवाजात ते वाक्य. तीन वेळा पाहिल्यावर तिला चीड आली. पडद्यावरची बाई कुणाचीही आजी असू शकली असती.

मग तिनं बारावी खेप घेतली. ती छप्पन्न सेकंदांची होती. सुरुवातीचं अवघडलेपण कापलं, रस्त्यावरची धावपळ निम्मी केली. एक धाप काढली आणि पुन्हा जोडली, कारण धापेशिवाय शेवटचं वाक्य पाठ केल्यासारखं वाटत होतं. दुकानाचं नाव दिसलं तरी पाहिजे किंवा ऐकू तरी आलं पाहिजे, असा नियम होता. कानाला हेडफोन लावून ऐकताना तिला मागून शेजारणीची आरोळी सापडली: अगं चिनफा, पळ, गाडी चालली. तिनं तो आवाज जरा वाढवला. सगळं तीस सेकंदांत बसलं. पण शेवटी शाळेचं चिन्ह तीन सेकंद दाखवायचं होतं, आणि त्या तीन सेकंदांत नेमकं 'रजई अजून आहे' जात होतं. चार दिवस ती त्या तीन सेकंदांशी झटत होती.

श्यू सर काही वाईट नव्हते. बारा वर्षं ताइपेईत त्यांनी जाहिरातीच केल्या होत्या. त्यांनी शांतपणे समजावलं, की ही लग्नात द्यायची रजई आहे, ज्या दुकानात मरणाची भाषा होते तिथून कुठली आई लेकीसाठी रजई घेईल? पेईछीला ते खरंच वाटलं. म्हणून ती आमाकडे गेली आणि लॅपटॉपवर दोन्ही जाहिराती दाखवल्या.

पहिली पाहून आमानं विचारलं, ही बाई कोण? दुसरी तिनं दोनदा पाहिली. पेईछीनं काही न लपवता सांगितलं, लग्नाचं गिऱ्हाईक तुटेल असं सर म्हणतात.

आमानं चष्मा पुसला. "हे चाळीस वर्षं माझ्या रजईखाली घोरले. आता दुकानाचं थोडं काम करू दे की त्यांना."

दुसऱ्या दिवशी पेईछीनं सरांना सांगितलं, हीच देणार. चंगहाननं लगेच आपलं नाव काढून घेतलं. सरांनी वहीत तशी नोंद केली.

"ठीक आहे. पण हिच्यावर शाळेचं चिन्ह लागणार नाही. आणि चिन्ह नाही तर प्रदर्शनही नाही."

पेईछीनं लॅपटॉप मिटला. "चालेल, सर. मला तीन सेकंदच कमी पडत होते."

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं.

तिथल्या देवळांत उत्सवाला देवासमोर सिनेमा लावायची रीत आहे; तो प्रोजेक्टर कर्ण्यासकट देवळातून मिळाला. दुकानाच्या शटरवर रजईचं पांढरं कापड ताणून बांधलं. वार आमानं ठरवला: बुधवार. बुधवारी कचरागाडी येत नाही, म्हणजे संध्याकाळी रस्त्यावर चिटपाखरूही नसतं. पेईछीनं तसं म्हटलंही. आमानं ऐकून घेतलं आणि कर्ण्याचा आवाज पुरा वाढवला.

जाहिरात सुरू झाली, धून वाजली, आणि धडाधड दारं उघडली. चपला फटफटवत, हातात पिशव्या घेऊन सगळे खाली आले.

"आज बुधवार ना गं?"

"मग गाडी कुठंय?"

समोरची नूडलवाली तर भडकलीच. "चिनफा, माझं आधण चुलीवर आहे."

आमा म्हणाली, आलाच आहात तर बघून जा. पेईछीनं पुन्हा लावली. तिसऱ्या खेपेला तर सगळे मिळून ओरडले, "अगं चिनफा, पळ!" शेवटच्या वाक्याला आधी नूडलवाली हसली आणि पाठोपाठ सगळे.

कोपऱ्यावर स्कूटरपाशी श्यू सर उभे होते. पेईछीनं बोलावलं होतं, पण येतील असं वाटलं नव्हतं. हेल्मेट काढून ते जवळ आले.

"प्रदर्शनाला अजून आठवडा आहे," ते म्हणाले. "शेवटी चिन्ह लावून टाकू. तीनच सेकंदांचा तर प्रश्न आहे."

पेईछीनं कापडाकडे पाहिलं. आमा तिथे धापा टाकत दोरा उचलत होती.

"जागा नाही, सर," ती म्हणाली, आणि तिनं जाहिरात पुन्हा पहिल्यापासून लावली.