गेंड्याचं बेअरिंग

डोळ्यांच्या डॉक्टरांनी वडिलांना स्पष्टच सांगितलं, "डावा डोळा आता कामाचा राहिलेला नाही. उजव्यावर वाचा, फिरा, काय हवं ते करा. गाडी मात्र चालवायची नाही." वडिलांनी मान डोलावली, चष्मा पुसला आणि माझ्यासोबत बसने घरी आले. दारात पाऊल टाकल्यावर खिशातून गाडीची किल्ली काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "विकून टाक."

गाडी म्हणजे आमचा गेंडा. राखाडी, उंच, जाड बंपरची एसयूव्ही. वय अठरा वर्षं, मीटरवर तीन लाख ब्याण्णव हजार किलोमीटर. वडील जमिनीची मोजणी करायचे. बाकीच्यांचा रस्ता जिथे संपायचा तिथे त्यांचं काम सुरू व्हायचं, त्यामुळे गेंड्याने डांबरापेक्षा दगडच जास्त पाहिलेले. निवृत्तीनंतरही वडील रोज सकाळी त्याचं तेल बघायचे, चाकांची हवा बघायचे, आणि मग कुठेही जायचं नसताना त्याला गावाबाहेर एक फेरी मारून आणायचे. मी गणित शिकवतो. गाडीतलं मला काही कळत नाही. चालवता येते, म्हणजे पुढे नेता येते.

तिसऱ्या दिवशी जुन्या गाड्या घेणारा एक माणूस आला. त्याने दारं उघडून बंद केली, खाली वाकून बघितलं, टायरला लाथ मारली आणि म्हणाला, "इंजिनाचं काही धरत नाही मी. लोखंडाला वजन मात्र चांगलं आहे." वडील जवळच नळी लावून कुंड्यांना पाणी घालत होते. एकाच कुंडीला घालत होते. पाणी वाहून त्यांच्या चपलांखाली आलं, तरी त्यांचा हात हलेना.

तो टायरला लाथ मारत होता तेव्हाच माझी बायको स्कूटर ढकलत फाटकातून आत येत होती. ती जनावरांची डॉक्टर आहे, दिवसभर गोठ्यागोठ्यांतून फिरते. त्या दिवशी गुडघ्यापर्यंत चिखल आणि कोपराला खरचटलेलं. महिन्यातली ही तिसरी घसरगुंडी.

"काय चाललंय?" तिने विचारलं.

"गेंडा विकतोय," मी म्हणालो.

तिने एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा भरून वाहणाऱ्या कुंडीकडे. मग त्या माणसाला म्हणाली, "विकायचा नाही. मी चालवणार आहे."

"ताई, चार लाखांना टेकलीये ही."

"माझ्याकडे पंचवीस वर्षांची एक घोडी तपासायला असते. अजून लाथ मारते. तुम्ही मारलीत त्याहून जोरात."

माणूस निघून गेला. वडिलांनी नळ बंद केला. "क्लच जड आहे," ते म्हणाले.

"असू दे, बाबा."

इथे एक सांगायला हवं. लग्न होऊन सात वर्षं झाली होती, आणि या दोघांचं एकमेकांशी चांगलं होतं, म्हणजे भांडण नव्हतं. बोलणंही नव्हतं. "आलीस?", "हो", "पाऊस आहे का?", "नाही", एवढ्यावर वर्षं निघाली होती. दोघंही मुळात अबोल, त्यात ते सासरे आणि ती सून. कुणी सुरुवात करायची हेच ठरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून वडील तिच्या शेजारी बसून फेरीला जाऊ लागले. गाडी थंड असताना दुसरा गिअर थेट पडत नाही, आधी तिसऱ्याकडे नेऊन मग मागे ओढायचा. ड्रायव्हरचं दार उचलून धरल्याशिवाय लागत नाही. उतारावर नुसत्या ब्रेकवर विसंबायचं नाही, इंजिनालाही थोडं काम द्यायचं. हे सगळं ते दर वळणावर सांगत. चार दिवस तिने ऐकून घेतलं. पाचव्या दिवशी म्हणाली, "बाबा, मी गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून न दिसणारं वासरू वळवते. हा गिअर तर डोळ्यांसमोर आहे."

वडील, तिनेच मला नंतर सांगितलं, खिडकीबाहेर बघत गालातल्या गालात हसले.

पण पहिला खरा खटका उडाला तो आवाजावरून. सकाळी गाडी सुरू केली की पुढून बारीक किरकिर येते, असं ती म्हणाली. वडील म्हणाले, काही येत नाही. ती म्हणाली, येते. ते म्हणाले, "अठरा वर्षं हे इंजिन ऐकतोय मी." दोन दिवस घरात पुन्हा "आलीस?" आणि "हो" सुरू झालं.

शेवटी ती त्यांना घेऊन मेकॅनिककडे गेली. मला शनिवारची अर्धी सुट्टी होती, मीही गेलो. मेकॅनिक वडिलांचा जुना माणूस. त्याने एक फेरी मारली आणि म्हणाला, "काका, या वयात थोडंफार बोलणारच हो ती."

बायकोने बॅगेतून स्टेथोस्कोप काढला. मेकॅनिकचा लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, केस घट्ट बांधले, इंजिन चालू ठेवायला सांगितलं. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या एकेका भागाला लावायचं, मुठीवर स्टेथोस्कोप टेकवायचा आणि डोळे मिटून ऐकायचं. आजूबाजूचे गॅरेजवाले हातातली कामं सोडून बघायला आले. एके ठिकाणी ती थांबली. परत मागे गेली, परत तिथेच आली. मग कानातून नळ्या काढून वडिलांपुढे धरल्या.

वडिलांनी ऐकलं. त्यांचा चेहरा उतरला.

"पाण्याचा पंप," ते हळूच म्हणाले. "बेअरिंग गेलंय. कधीपासून येतोय हा आवाज?"

"मी पहिल्यांदा बसले तेव्हापासून."

म्हणजे त्याच्या आधीपासून, ते आम्हा सगळ्यांना समजलं. वडील रोज फेरी मारत होते आणि त्यांच्या कानापर्यंत ते पोचलंच नव्हतं. आधी डोळा, आता हे. त्यांनी स्टेथोस्कोप नीट घडी करून परत दिला.

"मला आवाज आला," बायको म्हणाली, "पण कशाचा ते कळलं नव्हतं. तुम्ही एका झटक्यात सांगितलंत. कान माझे घ्या, बाबा. अक्कल तुमचीच लागणार आहे."

मेकॅनिक म्हणाला, आठ दिवस तरी हात लावता येणार नाही, कामं तुंबलीत. वडील म्हणाले, "पंप तेवढा दे. आम्ही बसवतो."

रविवारी सकाळी अंगणात गेंड्याचं तोंड उघडलं. कूलंट बादलीत काढलं, पंखा उतरवला, पट्टा सोडवला. पंपाला सहा बोल्ट. पाच सुटले, सहावा गंजून बसलेला. बायकोने पान्यावर जोर लावला तसे वडील म्हणाले, "ताकद नको लावूस. तेल सोड, थांब, थोडा आवळून बघ, मग सोडव. तो तुटला तर सगळंच बसलं."

"गाईचंही असंच आहे. घाई केली की बिघडतं."

"मग तुला कळायला वेळ लागणार नाही."

त्या एका बोल्टपायी दोन तास गेले, आणि त्या दोन तासांत मी चाळीस वर्षांत न ऐकलेल्या गोष्टी ऐकल्या. पुलावर पाणी चढलं म्हणून वडिलांनी गेंड्यात काढलेले तीन दिवस. मोजणीवरून हमरीतुमरीवर आलेल्या दोन सख्ख्या भावांना त्यांनी मागच्या सीटवर एकत्र कोंबून शेताला घातलेल्या पाच प्रदक्षिणा, ते दोघं कंटाळून हसायला लागेपर्यंत. बायको मान खाली घालून तेल सोडत होती आणि मधूनच "मग?" म्हणत होती.

माझ्याकडे टॉर्च होता. "नीट धर," वडील म्हणाले. "डोळ्यांत मारतोयस. आणि उजव्या डोळ्यात तर अजिबात नको, तो एकच उरलाय."

त्या डोळ्याबद्दल ते घरात पहिल्यांदा काही बोलले होते. आम्ही दोघं हसावं की नाही या विचारात असतानाच ते स्वतः खो-खो हसू लागले.

आई व्हरांड्यात मटार सोलत बसली होती. ती म्हणाली, "गाडीचं बेअरिंग लगेच ऐकू आलं. माझा गुडघा चार वर्षं वाजतोय, तिथे कुणी नळी लावली नाही."

बायको उठली, हात पुसले, स्टेथोस्कोप आईच्या गुडघ्याला लावला आणि गंभीरपणे म्हणाली, "पाय वाकवा. सरळ करा. आई, बेअरिंग ठीक आहे. ग्रीस कमी पडलंय." आईला हसू आवरेना, मांडीवरचे मटार व्हरांडाभर पळाले.

दुपारी बोल्ट सुटला. जुनं गॅस्केट खरवडून काढलं, नवं बसवलं, पंप चढला. कूलंट भरून इंजिन सुरू केलं तेव्हा बायकोने ऐकलं आणि नुसता अंगठा वर केला.

सोमवारी शाळेला सुट्टी होती. सकाळी आठच्या सुमाराला टेकडीपलीकडच्या गोठ्यातून फोन आला. पहिलारू गाय अडली होती. वडील आमच्या आधी पुढच्या सीटवर जाऊन बसले, मी मागे. चढ असा की नवी गाडीही धापा टाकते. आम्ही तिघं रस्त्यापेक्षा तापमानाच्या काट्याकडेच जास्त बघत होतो. काटा मध्यावर आला आणि तिथेच राहिला.

"ऐकू येतंय का काही?" वडिलांनी विचारलं.

"नाही."

"मलाही नाही. म्हणजे आपलं एकमत झालं."

गोठ्यात मालकीण एकटीच होती. गाय आडवी पडलेली, डोळे पांढरे. बायकोने खांद्यापर्यंत हात घातला आणि म्हणाली, "मागचे पाय आधी आलेत. वेळ नाही." पायांना दोर बांधले. "बाबा, हा तुमचा. हा तू धर. गाय कळ देईल तेव्हाच ओढायचं, मी सांगेन तेव्हा."

वडिलांनी टाचा जमिनीत रोवल्या. त्या बोल्टवरचा धीर त्यांच्या हातात अजून होता. बायको 'ओढा' म्हणाली की ओढायचे, 'थांबा' म्हणाली की थांबायचे. मीच दोनदा चुकलो आणि दोनदा बोलणी खाल्ली. शेवटच्या कळेला वासरू एकदम बाहेर आलं आणि मी पेंढ्यात उताणा पडलो.

वासरू हलत नव्हतं. बायकोने त्याचं नाक-तोंड साफ केलं, नाकपुडीत गवताची काडी फिरवली, छाती पेंढ्याने खसाखसा चोळली. मग ते शिंकलं. एकदा शिंकलं, मान झटकली आणि आमच्याकडे असं पाहिलं, जणू उशीर आम्हीच केला होता.

वडील पेंढ्यातच बसले. चष्म्यावर शिंतोडे, चेहऱ्यावर हसू आणि डोळ्यांतून पाणी, दोन्ही डोळ्यांतून.

मालकिणीने विचारलं, "काका, तुम्हीही डॉक्टर का?"

"नाही," वडील म्हणाले. "मी इंजिनाकडचा."

संध्याकाळी आईला त्यांनी सगळं सांगितलं. जेवायच्या आधी सांगितलं तेव्हा वासरू मोठ्या कुत्र्याएवढं होतं. ताटं मांडताना ते सहा महिन्यांच्या वासराएवढं झालं. जेवता जेवता शेजारचे काका काही मागायला आले, तेव्हा वडील दोन्ही हात पसरून दाखवत होते आणि दोर ओढायला चार माणसं कमी पडली असती.

"एवढं मोठं?" काकांनी बायकोकडे वळून विचारलं.

तिने ताटावरून मान वर केली नाही. "हो," म्हणाली. "मोठंच होतं."