पुसू नये

प्लासिडने आमच्या ह्यांचा कॉम्प्युटर दुरुस्त करून आणला, तेव्हा मी केळीचं काम टाकून टीव्हीसमोर बसले. वहीएवढा काळा डबा, वर रबराची बटणं; पडदा म्हणून टीव्हीच जोडायचा. शहाऐंशी साली ह्यांनी तो आखातातल्या चुलतभावाकडून मागवला होता. हे गेल्यापासून माळ्यावरच होता. प्लासिड आमच्या गिरीज गावचाच. माणिकपूरला शाळेत गणित शिकवतो आणि असले जुने कॉम्प्युटर जमवतो. एकेक बटण त्याने कापसाने पुसलं होतं.

डब्याबरोबर ह्यांची वही निघाली. चौकटीच्या कागदावर काही चौकटी काळ्या केलेल्या. मला तेव्हा ती रांगोळी वाटायची. प्लासिडने वही लांब धरून दाखवली, तर तो अ होता. पुढे आ, इ, ई. टीव्हीवर मराठी अक्षरं उमटवायला ह्यांनी ती घरी बसून पाडली होती. बाकीची पानं वाळवीने खाल्ली होती. पण सगळं कॅसेटवर भरलेलं असणार, असं प्लासिड म्हणाला, कारण हा कॉम्प्युटर बंद केला की सगळं विसरतो.

ती कॅसेट मीच शोधून ठेवली होती. वर ह्यांच्या हातचं पेन्सिलीने लिहिलेलं, ‘मथुरासाठी. पुसू नये.’ साठी उलटल्यावर नातीच्या, रिद्धीच्या पुस्तकावरून मी वाचायला शिकले, म्हणून मला ते वाचता आलं. कॉम्प्युटर नवा होता तेव्हा एका रविवारी हे म्हणाले होते, ये, बस इथे, गंमत दाखवतो. मी म्हटलं, भाजी बांधायची राहिलीय. परत त्यांनी बोलावलं नाही आणि मीही बसले नाही.

आज बसले होते.

प्लासिडने कॅसेट हातात घेतली, उलटीपालटी केली.

“काकी, हा लाल टिपका कसला?”

मला वाचता येत नव्हतं तेव्हा कॅसेट ओळखायची माझी ती खूण. पांढरा टिपका भजनाचा, लाल लग्नाचा. नणंदेच्या लग्नात सासूबाई मांडवात गायल्या, ते भरून घ्यायला मला रिकामी कॅसेट हवी होती. ही लावून पाहिली तर नुसती चीं-चीं किंचाळत होती. मला वाटलं, खराब झाली; कॉम्प्युटरसाठी भरलेलं असंच वाजतं, हे मला कुठे ठाऊक. ह्यांनी वरची खिटी मोडून ठेवली होती, म्हणजे तिच्यावर दुसरं काही भरता येऊ नये. पण त्याला उपाय सगळ्या घरांना ठाऊक होता. मी खाचेत कागदाचा बोळा कोंबला आणि बटण दाबलं.

ह्यांना कळलं असेलच. कधी बोलले नाहीत.

मी काही सांगायच्या आत प्लासिडने टेप सुरू केला. सासूबाई गायला लागल्या, मागे बायकांचा हसण्याचा आवाज. टीव्ही पांढराच राहिला. दुसऱ्या बाजूलाही गाणीच. अगदी शेवटी गाणं तुटलं आणि तीच चीं-चीं आली, जेमतेम चार श्वासांएवढी. पडद्याच्या कडेला निळ्या-पिवळ्या रेघा धावल्या आणि थांबल्या.

“एवढ्यावर नाही होणार का रे?”

“नाही काकी. सुरुवातच गेलीय. सुरुवातीशिवाय त्याला काही कळत नाही.”

मी तेवढाच तुकडा पुन्हा लावायला सांगितला. त्याने तीनदा लावला. मग त्याने कॅसेट काढली, खाचेतला बोळा पाहिला आणि विचारलं, काढू का. मी केसातली पिन दिली. त्याने बोळा उकरून माझ्या तळहातावर ठेवला.

“आता हिच्यावर कुणाला काही भरता येणार नाही,” तो म्हणाला.