मुरलेली पकड

मी एक जुना सांधा आहे. हाडांचा नव्हे, कातडीच्या दोन पेशींमधला. जुना म्हणजे काही आठवड्यांचा. पण मित्रांनो, आमच्यात तेवढ्यात म्हातारपण येतं. सांगण्यासारखी गोष्ट माझ्याकडे एकच आहे, तीही नीट सांगता येईल असा भरवसा नाही.

एका बेकरीवाल्याचा हात भट्टीत कोपरापर्यंत भाजला. त्याच्या मांडीची चिमूटभर कातडी प्रयोगशाळेत आणून तिच्या पेशी सुट्या केल्या, बशीत वाढवल्या. पेशींनी बशी भरली, त्यांच्या पोषक पाण्यात कॅल्शियम मिसळलं, तेव्हा शेजारशेजारच्या पेशींनी आपले प्रथिनांचे हात पुढे केले आणि एकमेकांत गुंतवले. त्यातली एक पकड म्हणजे मी.

बेकरीवाल्याची बहीण रोज चौकशीला येई. आमची देखभाल करणाऱ्या ताईला तिचं उतरलेलं तोंड बघवत नसे. पेशींचा हा थर आजच उचलून जखमेवर लावू या, असं ताई म्हणायची. तिच्या वरच्या बाई मात्र बधत नसत. "चिकटलेत गं, पण मुरले नाहीत अजून."

अखेर तो दिवस उजाडला. उचलण्याआधी थर धुतात. घाईत ताईने नेमकी दुसरी बाटली घेतली. बिनकॅल्शियमची, पेशी सुट्या करायची. दिसायला दोन्ही पाणीच. कडेचे कोवळे सांधे भराभर सुटू लागले. आता आपलीही पाळी, असं मला वाटलं. पण मी सुटलो नाही. मुरलेल्या सांध्याला कॅल्शियमवाचूनही तग धरता येतो, हे मला तेव्हा कुठे कळलं.

ताईने सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि थेट बाईंना हाक मारली. चूक तिने स्वतःच सांगितली. बाईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"कडा गेली. मधलं पक्कं आहे. आधी पाणी बदल, रडायचं मग बघू."

थर हातावर बसवला. काही दिवसांनी पट्टी सोडून डॉक्टरांनी तो बोटाने हलकेच रेटला. बहिणीने डोळे गच्च मिटले होते.

"हललं का रे, दादा?"

"मी हललो. ते नाही हललं."

ती हसत हसत डोळे पुसू लागली. मागे उभ्या असलेल्या ताईने केव्हाचा रोखलेला श्वास सोडला.

आता खालच्या नव्या पेशी मला वर ढकलताहेत. लवकरच माझी पकड सुटेल आणि मी कोंडा होऊन उडून जाईन. त्याचं दुःख नाही. मित्रांनो, एवढंच करा: जखमेवरची खपली नखाने उपटू नका. तिच्याखाली आमची पोरं एकमेकांचे हात शोधत असतात. त्यांना जरा मुरू द्या.