अर्ध्या गोळीचा अडकित्ता

मित्रांनो, मी एक जुना अडकित्ता आहे, आणि माझी जीभ माझ्या पात्याइतकीच तिखट आहे, हे आधीच सांगून ठेवतो. समथर गावच्या एका लोहाराने मला घडवलं. झाशीच्या बड्या बाजारात रेल्वेचे गार्ड वामनराव यांनी तीन दुकानं पालथी घातली आणि मला पसंत केलं. "वा, काय बसतंय पातं!" हे त्यांचे शब्द मी अजून विसरलो नाही. पुढं तीस वर्षं मी त्यांची सुपारी कातरली.

मग त्यांच्या तोंडात फोड आले, डॉक्टरांनी दम भरला आणि सुपारी सुटली. माझी रवानगी बैठकीतल्या टेबलाच्या खणात झाली. फ्यूजची तार, संपलेले सेल आणि एक वाकडा पाना, ही माझी संगत. गरज सरो, वैद्य मरो! रुसलो मी. चांगली सहा वर्षं रुसलो. अंगावर गंज चढला तो वेगळाच.

एके दिवशी खणात नवी शेजारीण आली. गोळ्यांची चंदेरी पट्टी. ती होती वामनरावांच्या सूनबाईंची, प्रेमलाबाईंची. त्या शाळेत शिकवतात. त्या वर्षी त्यांचं मन आजारी पडलं होतं. वह्या तपासताना रडू यायचं, तव्यावर पोळी करपायची तरी हात हलत नसे. इलाइट चौराह्याजवळच्या डॉक्टरीणबाईंनी त्यावर ही गोळी दिली, रोज सकाळी एक. आठ महिन्यांत बाई पुन्हा गुणगुणू लागल्या. मला आनंद झाला हो! पण त्यांना मात्र त्या गोळीची लाज वाटे. दाराची कडी वाजली की खण धाडकन बंद. मला बोटं असती तर केव्हाच चेमटली असती.

आषाढी एकादशीला चातुर्मास लागला. इथल्या जुन्या मराठी घरांत अजून रीत आहे की, चार महिने आवडीचं काहीतरी सोडायचं. भजनाच्या बायका बैठकीत जमल्या होत्या. कुणी वांगं सोडलं, कुणी चहा.

"प्रेमलाबाई, तुमचा नेम काय?" त्यांच्यातल्या शारदाबाईंनी विचारलं.

"सांगू नये म्हणतात," प्रेमलाबाई हसून म्हणाल्या.

दुसऱ्या सकाळी खण उघडलाच नाही, तेव्हा मला कळलं. बाईंनी गोळी सोडली होती! कुणाला न विचारता, एका दिवसात.

तिसऱ्या दिवसापासून त्यांना चक्कर येऊ लागली. मान वळवली की डोक्यात विजेचा बारीक झटका बसल्यासारखं होई. मळमळ, घाम, विचित्र स्वप्नं, आणि पुन्हा ते रडू. नवरा ड्युटीवर ग्वाल्हेरला, आणि सासऱ्यांना सांगायची लाज. विचारणार कोण? देव परीक्षा घेतोय असं समजून बाई दात-ओठ खाऊन सोसत राहिल्या. मी खणात नुसता चरफडत होतो.

नवव्या दिवशी दुपारी घरातली वीज गेली. फ्यूजची तार शोधायला वामनरावांनी खण उघडला आणि त्यांच्या हाती ती पट्टी लागली.

"सूनबाई, यातल्या गोळ्या संपल्या कशा नाहीत?"

प्रेमलाबाईंचा बांध फुटला. "मामंजी, मी नेमात सोडली. आता घेतली तर नेम मोडतो. आणि आजार तर परतच आला. मी कधी बरी होणारच नाही!"

वामनराव तिथंच बसले. "अगं, नेमात आवडीची वस्तू सोडतात. तुला ही गोळी आवडते?"

"नाही हो!"

"मग कसला नेम? चालत्या गाडीतून उडी मारलीस तू, पोरी, आणि लागलं म्हणून पायांना बोल लावतेस. बरं, तुला आवडतं काय?"

"जिलेबी," बाई डोळे पुशीत म्हणाल्या.

"मग आजपासून जिलेबी सोड. आणि ऊठ, डॉक्टरकडे जाऊ."

"चार महिने जिलेबी नाही? मामंजी, हे फारच महाग पडलं!" असं म्हणून बाई रडता रडता हसल्या. किती दिवसांनी हसल्या! मला भरून आलं, खोटं कशाला बोलू?

डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते वामनरावांनी घरी येऊन जसंच्या तसं ऐकवलं. "प्रेमला जी, बीमारी नहीं लौटी है, दवा एकदम छूटने का झटका है। छोड़ेंगे, ज़रूर छोड़ेंगे, पर सीढ़ी-सीढ़ी।" गोळी पुन्हा सुरू झाली आणि आठवडाभरात झटके थांबले.

पुढच्या वर्षी डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं की, आता मधल्या रेघेवर कापून अर्धी घ्या. बाईंनी सुरी लावली, तर अर्धी गोळी उडाली फ्रिजखाली. "थांब!" म्हणत वामनरावांनी मला बाहेर काढलं. रॉकेलने माझा गंज उतरवला, धार लावली, उकळत्या पाण्यात आंघोळ घातली. टक्! बरोब्बर रेघेवर दोन तुकडे. "वा, काय बसतंय पातं!" म्हणाले. माझा रुसवा तिथंच संपला.

सगळे दिवस काही सरळ गेले नाहीत. पाव गोळीवर आल्यावर पुन्हा चक्कर आली. या वेळी बाईंनी लपवलं नाही, त्याच तासाला डॉक्टरीणबाईंना फोन केला. "एक महीना और यहीं रुकिए," असं उत्तर आलं. त्या थांबल्या. होळीनंतर गोळी पूर्ण सुटली. शाळेच्या सहलीला बाई चाळीस मुलं घेऊन ओरछ्याला जाऊन आल्या आणि घसा बसवून परतल्या.

आज सकाळी शेजारची इंदू आली. तिला मराठी कळतं, पण बोलताना हिंदीत घसरते. दारातच हळूच म्हणाली, "काकू, आपका सरौता मिलेगा? मला पण गोळी आधी करायची आहे." सरौता म्हणजे मीच.

"आधी नाही गं, अर्धी! आणि आधी डॉक्टरांना विचारलंस का?"

इंदूने नकारार्थी मान हलवली. प्रेमलाबाईंनी चपला पायांत सरकवल्या. "चल, मी येते बरोबर."

मित्रांनो, मनाचं औषध लाजून लपवू नका, आणि आपल्याच मनाने सोडूही नका. कुणी लपवताना दिसलं तर त्याच्यावर खेकसू नका, त्याच्यासोबत जा. त्या दोघी अजून परतल्या नाहीत. मी टेबलावर धुऊनपुसून तयार बसलो आहे, पण मला मुळीच घाई नाही.