मध्ये पडला म्हणून

पोरांच्या आइस हॉकीच्या सेमीफायनलला टेबलावर बसायची पाळी नेमकी माझी. दुबईच्या त्या आइस रिंकवर पालकांनीच आळीपाळीनं बसायचं आणि रेफरी सांगेल ते शीटवर लिहायचं. बाहेर बेचाळीस डिग्री, आत मी शाल गुंडाळून कुडकुडतेय.

पुढच्या शुक्रवारी फायनल, शनिवारी माझ्या प्रणवची पुण्याची फ्लाइट, कॉलेजसाठी. म्हणजे फायनल ही त्याची इथली शेवटची मॅच. सात वर्षं माझा नवरा, संजय, शारजातलं वर्कशॉप लवकर बंद करून त्याला प्रॅक्टिसला आणत होता.

तीन मिनिटं उरलेली, आम्ही पुढे. तेवढ्यात आमच्या कॅप्टननं समोरच्या पोराला ठोसा हाणला. दोघांनी हातमोजे फेकले, जुंपली! आणि आमचा प्रणव गेला सोडवायला. कॅप्टनला मागून धरून ओढत होता. मी टेबलावरून ओरडले, "शाब्बास रे!"

शारजात, रोल्लाला आमच्या बिल्डिंगखाली पार्किंगवरून मारामारी झाली की संजय जेवणावरून उठून मध्ये पडतो. बघत उभा राहतो तो माणूस नव्हे, हे पोराला मीच शिकवलंय.

रेफरी टेबलाशी आला. कॅनडाचा, शांत माणूस. "दोघांना मारामारीची पाच-पाच मिनिटं. कॅप्टनला सुरुवात केल्याची आणखी दोन. आणि नंबर एकोणीस, भांडणात तिसरा. मॅचबाहेर. पुढची मॅचही बंद."

एकोणीस म्हणजे प्रणव.

"अहो, तो सोडवत होता!" मी इंग्रजीत भांडले.

"मला दिसलं, मॅडम. पण सोडवायचं काम लाइन्समनचं, माझ्या मदतनीस पंचांचं. तिसरा खेळाडू आला की तो बाहेर. का आला, हे नियम विचारत नाही."

"आणि ज्यानं मारलं तो?"

"तो फायनल खेळेल."

दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ म्हणतात, मेलं! रेफरी थांबून राहिला. शेवटी मीच लिहिलं, एकोणीस, मॅचबाहेर, पुढची मॅच बंद. खाली सहीसुद्धा माझीच.

जिंकलो आम्ही. परतताना गाडी संजय चालवत होता, प्रणव मागे खिडकीकडे तोंड करून. मी म्हटलं, "बाळा, चुकलं नाही हं तुझं काही."

"इट्स ओके, आई," तो म्हणाला. "नेक्स्ट टाइम आय विल जस्ट वॉच."

एरवी मी ऐकून घेतलं असतं होय? पण त्या शीटवर सही माझीच होती. "बरं," म्हणाले.