शब्बाथच्या आधी चौसष्ट जीबी

मला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं, हे आमच्या गल्लीत आता जवळजवळ जाहीर आहे. दिवाळीच्या सुट्टीत मी शाळेच्या लॅबमधले सात बंद पीसी चालू केले, तेव्हापासून लोक मला घरी बोलावतात, पोहे देतात आणि हळूच प्रिंटर दाखवतात. त्यामुळे पप्पांचं मशीन अडलं तेव्हा मी आपणहून म्हटलं, "रॅम वाढवायचीय ना? माझ्यावर सोडा."

आणि पप्पांनी खरंच सोडलं.

पप्पांनी वीस वर्षं दुसऱ्यांच्या ऑफिसात इमारतींची ड्रॉइंग केली. जूनमध्ये नोकरी सोडून घरच्या मागच्या खोलीत स्वतःचं काम सुरू केलं. पहिलं मोठं काम बेलपाड्याच्या शिवाकाकांचं. त्यांची चार भावांची चार घरं पाडून एकच इमारत. शनिवारी सकाळी दहाला चौघे भाऊ बसून ठरवणार होते, काम पप्पांना द्यायचं की दुसऱ्या एका फर्मला. त्याआधी इमारतीची थ्रीडी चित्रं त्यांच्याकडे पोचायला हवी होती.

पण आम्ही ज्यू; शुक्रवारी सूर्य मावळायच्या आधी मम्मी शब्बाथच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, मेणबत्त्या लावते. तेव्हापासून शनिवारी अंधार पडेपर्यंत घरातलं कुणीच कॉम्प्युटरला हात लावत नाही, फोनलाही नाही. म्हणजे आमची मुदत शनिवारी दहाची नव्हतीच. ती होती शुक्रवारी पाच बेचाळीसची.

मशीन एका बंद झालेल्या ऑफिसातून आलेलं जुनं वर्कस्टेशन, कपाटासारखं जड. त्यात बत्तीस जीबी रॅम. पूर्ण मॉडेल उघडलं की मेमरी संपायची आणि सगळं बंद. गुरुवारी संध्याकाळी मी एसटी स्टँडजवळच्या दीनानाथकाकांच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. त्यांनी विचारलं, रॅमची जुनी पट्टी बरोबर आणलीस का? मी त्यांना जवळपास शिकवलंच, की डीडीआर फोर, सोळा-सोळाच्या दोन, मला माहितीये. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि काढून दिल्या.

शुक्रवारी शाळेतून पावणेदोनला घरी आले. दप्तर टाकलं, मशीन उघडलं. लांबी तीच, खाच तीच. पट्ट्या टक्‌ करून बसल्या. बटण दाबलं.

पाच शिट्ट्या. लाल दिवा. स्क्रीन काळी.

काढल्या, पुसल्या, जागा बदलल्या. पाच शिट्ट्या. फक्त जुन्या लावल्या की मशीन मुकाट चालू. म्हणजे दोष माझ्या पट्ट्यांचा, म्हणजे माझाच. पप्पा दारात उभे होते. त्यांनी फक्त घड्याळाकडे बघितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

अडीच वाजले होते आणि पनवेलचं मार्केट साडेचारशिवाय शटर उघडत नाही. दीनानाथकाकांचा फोन बंद. मी जुनी एक पट्टी रुमालात गुंडाळली आणि सायकल काढली. काका दुकानाच्या वरच राहतात. खालून हाका मारल्यावर शांतीकाकू खिडकीत आल्या. म्हणाल्या, "ते झोपलेत, आणि त्यांना उठवलं तर संध्याकाळपर्यंत मलाच ऐकावं लागतं." मी तिथेच उभी राहिले. पाच मिनिटांनी पुन्हा हाक मारली. मग पुन्हा. शेवटी बनियनवर शर्ट चढवत काका जिना उतरले.

जुनी पट्टी त्यांनी उजेडात धरली. "हे बघ. मधोमध काय आहे?"

मधोमध एक जास्तीची चौकोनी चिप होती. त्यांनी दिलेल्या पट्ट्यांवर तिथे काहीच नव्हतं.

"ही सर्व्हरवाली रॅम. घरच्या पीसीची तिच्या शेजारी चालत नाही. काल म्हणूनच विचारलं, जुनी आणलीस का."

"मला वाटलं, मला माहितीये."

"ते दिसलंच," काका म्हणाले, पण हसून. त्यांच्याकडे तशी नवी पट्टी नव्हती. मुंबईहून मागवली तर सोमवारी. मग ते शटर अर्धं वर करून आत वाकले, मागचा एक मेलेला सर्व्हर ओढला आणि त्यातून आठ-आठच्या चार पट्ट्या उपसल्या. प्रत्येकीवर मधोमध चिप. मी चारही एकेक करून पाहिल्या, यावेळी काहीही माहीत नसल्यासारखं.

निघताना त्यांनी बजावलं, पहिल्यांदा चालू करताना मशीन बराच वेळ मेल्यासारखं पडून राहील, बटणाला हात लावू नकोस.

चार वाजता घरी. कुठली पट्टी कुठे, ते मशीनच्या झाकणाच्या आत छापलं होतं. तेही मी दुपारी वाचलं नव्हतं. बटण दाबलं. काळोख. एक मिनिट. दोन. पप्पांचा हात बटणाकडे गेला, मी तो धरून ठेवला. तिसऱ्या मिनिटाला स्क्रीनवर आकडा आला. चौसष्ट.

मॉडेल उघडलं, चित्रं बनायला लागली. कोपऱ्यात अंदाज आला, पावणेदोन तास. म्हणजे सहानंतर.

पाच पस्तीसला पप्पांनी शेवटचं काम केलं. चित्रं पूर्ण झाली की आपोआप शिवाकाकांच्या ऑनलाइन फोल्डरमध्ये जातील असं लावून दिलं, स्क्रीन बंद केली, दार ओढून घेतलं. मम्मीने काडी पेटवली.

आता कुणीच काही बघू शकत नव्हतं. पप्पांनी मनुकांच्या सरबतावर किद्दूशची प्रार्थना म्हटली. आम्ही जेवायला बसलो आणि भिंतीपलीकडून मशीनचा पंखा घोंघावत राहिला. बिघडलं तर ते आपणहून पुन्हा सुरू होणार आणि पाच शिट्ट्या मारणार, एवढं मला ठाऊक होतं. मला भाजीची चवच लागली नाही.

मग पंखा हळू झाला. थांबल्यासारखा. पप्पांनी घास हातात धरला. मी मनात पाचपर्यंत मोजलं, मग वीसपर्यंत. एकही शिट्टी नाही.

"झालं असेल?" पप्पांनी विचारलं.

कालची मी ताडकन हो म्हणाले असते. "उद्या कळेल," मी म्हटलं.

शनिवारी बाराला शिवाकाका स्कूटरवरून थेट दारात. फोन लागत नाय म्हणून आलो, म्हणाले. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"सॅम्युअलभाय, तुमच्या चित्रात धाकट्याची बाल्कनी माझ्यापेक्षा मोठी हाय. आमी तिघं तुमच्याच बाजूनं, पन ते आधी सुधरा."

पप्पा गंभीरपणे म्हणाले, सोमवारी बघू. मी मात्र आत पळाले, कारण मला हसू आवरत नव्हतं.