पावणेचार पायांचा न्याय

मित्रांनो, साऱ्या राज्याचा न्याय माझ्या चार पायांवर उभा आहे. नीट मोजलं, तर पावणेचार. मी कायदे करणाऱ्या समितीचं एक जुनं टेबल आहे.

नवा होतो तेव्हा माझ्या पॉलिशमध्ये चेहरे दिसत. पहिल्याच बैठकीला सगळे माझ्याकडे वाकून बघत होते. मला वाटलं, कौतुक चाललंय. ते भांग नीट करत होते. पुढे कायदे आले, चहा आला. टिकले ते चहाचे डाग. एकदा जिन्यावरून नेताना एका पायाचा टवका उडाला. तेव्हापासून डुगडुगतो. दुरुस्ती म्हणाल, तर लोकांनी कोपरं टेकवणं सोडलं.

यंदा फौजदारी कायद्यातल्या सुधारणा आल्या. एक कलम सरळ होतं: खटला संपण्याआधीच ज्याने शिक्षेइतका काळ तुरुंगात काढला, त्याला घरी सोडा. चहा देणाऱ्या मावशी ते ऐकून किटली धरून तशाच उभ्या राहिल्या. सायकलचोरीच्या संशयावरून त्यांचा लेक आत आहे. तारखा पडतात, खटला पुढे सरकत नाही.

समितीचं एकमत झालं. अध्यक्षांना आधी कोऱ्या कागदावर सही गिरवून बघायची सवय. त्यांनी पेन टेकवलं, मी डुगडुगलो, सही वाकडी गेली.

"पायाखाली काहीतरी सरकवा हो."

सचिवांनी हातातलं जाड बाड घडी करून सरकवलं. मी ताठ झालो.

"वा. द्या आता मसुदा."

सगळे खाली बघू लागले. मसुदा काढला की मी डुगडुगणार. मी डुगडुगलो की सही वाकडी. आणि सही समितीच्या टेबलावरच व्हावी, असा नियम.

मावशी किटली ठेवून खाली बसल्या. "मी पाय धरते, साहेब. तुम्ही करा सही."

"अहो मावशी, उठा. बरं दिसत नाही ते."

"पोरगं आत सडतंय, ते बरं दिसतं?"

एकाने बिस्किट मागितलं.

मग माझ्या पायासाठी उपसमिती नेमली. तिची बैठक अजून झालेली नाही. टेबल नादुरुस्त आहे ना.

मावशी रोज मला पुसतात. खाली वाकून त्या बाडावरचीही धूळ टिपतात. "दम धर रे बाबा," म्हणतात. मला की लेकाला, विचारायची माझी छाती होत नाही.

मित्रांनो, न्यायाची काळजी घ्या वगैरे सांगण्याचं त्राण आता माझ्यात नाही. कधी इकडे आलात, तर लाकडाची एक चकती तेवढी आणा. अंगठ्याएवढी जाड पुरे.